खेकड्याचे बीळ कोणी पाहायचे होते?

जुलै 2019 च्या पहिल्या आठवड्यात खेकडा हा प्राणी महाराष्ट्राच्या राजकारणात आला. चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण फुटून जेमतेम दोन-तीन दिवस झाले होते, बेपत्ता माणसांचा शोध अजून चालू होता, आणि तत्कालीन जलसंधारणमंत्री तानाजी सावंत यांनी खेकड्यांमुळे गळती होऊन धरण फुटले, अशा अर्थाचे विधान केले. पुढे जे व्हायचे तेच झाले. कोणी खेकडे घेऊन पोलीस ठाण्यात गेले आणि या आरोपींना अटक करा म्हणाले, व्यंगचित्रे निघाली, मोबाईलवर विनोदांचा पाऊस पडला. संताप रास्त होता. वीसहून अधिक माणसे गेलेली असताना सगळा दोष एका मुक्या जिवाच्या नांग्यांवर टाकणे कोणत्याही सरकारला शोभणारे नव्हते.

पण त्या हशात एक गोष्ट कायमची वाहून गेली. मातीच्या धरणाला खेकडा खरोखरच धोकादायक असतो. खेकडा, उंदीर, घूस, साळिंदर असे बिळे करणारे प्राणी, भरावावर, म्हणजे धरणाच्या मातीच्या भिंतीवर, उगवणारी झाडे आणि त्यांची मुळे यांचा उल्लेख धरणांच्या देखभालीच्या पुस्तिकांमध्ये जगभर सापडतो, कारण भरावात आडवे गेलेले बीळ पाण्याचा वाटेतला प्रवास कमी करते आणि पाण्याला नेमके तेच हवे असते. तेव्हा मंत्र्यांच्या विधानातला दोष ते हास्यास्पद होते हा नव्हे. ते अर्ध्यावर सोडलेले होते. खेकडा एका रात्रीत भराव पोखरत नाही. पाणी कमी झाले की उघड्या पडलेल्या उतारावर त्याची बिळे दिसतात, बिळाच्या तोंडाशी ओल्या मातीच्या गोळ्या पडलेल्या असतात, आणि उतारावरून पायी जाणाऱ्या कोणालाही त्या दिसल्यावाचून राहत नाहीत. खेकड्याने धरण फोडले, असे म्हणणे म्हणजे त्या उतारावरून कित्येक उन्हाळ्यांत कोणी चाललेच नाही अशी कबुली देणे आहे. ही कबुली त्या वेळी कोणी नोंदवून घेतली नाही, कारण सगळे हसत होते.

तिवरे सह्याद्रीच्या पायथ्याचे गाव आहे. तेथील पाणी पुढे वाशिष्ठीला मिळते. धरण 2000 च्या सुमारास पूर्ण झालेले, म्हणजे फुटले तेव्हा वीसएक वर्षांचेच होते. धरणांच्या आयुष्याच्या हिशेबात हे तरुणपण. साठा वीस-पंचवीस लाख घनमीटर. कोयनेच्या साठ्याच्या तुलनेत हा जेमतेम हजारावा भाग भरतो, आणि म्हणून कागदावर हे धरण लहान. मात्र एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन असते, हे ध्यानात घेतले की त्याच लहान धरणामागे वीस लाख टनांहून अधिक ओझे उभे होते, आणि ते गावाच्या वरच्या अंगाला, चढावर होते. 2 जुलैच्या रात्री साडेनऊच्या सुमारास, जेवणे आटोपून माणसे घरात असताना, भराव फुटला. लगतच्या भेंदवाडीतील घरे त्यांतील माणसांसह वाहून गेली आणि पाणी खालच्या गावांमध्ये शिरले. धरण गळते आहे, ही तक्रार ग्रामस्थांनी आधीच केली होती, आणि वरवरची डागडुजी झाली होती, असे त्या दिवसांतल्या बातम्यांत सातत्याने आले. म्हणजे पाहणारे डोळे नव्हते असेही नाही. पाहिलेले सांगायला लोक होते. त्या सांगण्याला जिथे पोचायचे होते तिथे ते वेळेत पोचले नाही, किंवा पोचूनही त्याचे वजन कोणाला जाणवले नाही.

माझे काका लघुपाटबंधाऱ्यांच्या कामांवर शाखा अभियंता होते. त्यांची बहुतेक नोकरी देशावरच्या तलावांवर गेली, आणि शाळेला सुट्टी असली की मला कधी कधी जीपमध्ये मागे बसवून ते बरोबर नेत. तलावावर गेल्यावर आम्हा मुलांना पाण्याकडे धावायचे असे. काका मात्र पाण्याकडे पाठ करून भरावाच्या कोरड्या अंगाने खाली उतरत आणि पायथ्याच्या कडेने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू चालत जात. हातात काठी आणि पिशवीत एक रिकामी काचेची बाटली. पायथ्याशी जिथे ओल असेल, जिथे भर मे महिन्यात हिरवे गवत असेल, जिथे लव्हाळा उगवलेला असेल, तिथे ते थांबत. पायथ्याच्या चरातून वाहणारे पाणी बाटलीत भरून घेत, बाटली उन्हाकडे धरून बराच वेळ पाहत, मग ती दगडावर ठेवून देत आणि विडी संपेपर्यंत तिकडे बघत बसत. बाटलीच्या तळाशी काही बसते का, एवढेच त्यांना पाहायचे असे. नंतर चरातल्या पत्र्याला कापलेल्या इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराच्या खाचेतून पाणी किती उंचीने वाहते ते पट्टीने मोजून वहीत लिहीत. मला हे काम तेव्हा अतिशय कंटाळवाणे वाटे. धरण पाहायला यायचे आणि पाणी सोडून चिखल पाहायचा, याचा अर्थ लागत नसे.

तो अर्थ असा की मातीच्या धरणातून पाणी झिरपतेच. भराव पाण्याला पूर्ण अडवतो, ही आपली समजूत आहे. प्रत्यक्षात तो पाण्याला उशीर करतो. मध्यभागी चिकण काळ्या मातीचा गाभा, जमिनीखाली कठीण थरापर्यंत खोदून त्याच मातीने भरलेला खंदक, दोन्ही अंगांना मुरमाड मातीचे आवरण, पाण्याच्या बाजूला लाटांचा मार सोसायला दगडी अस्तर, आणि कोरड्या बाजूला वाळूची गाळणी व पायथ्याशी दगडांचा बांध, अशी त्याची रचना असते. गाभ्यातून अगदी मंद गतीने पुढे आलेले पाणी गाळणीत शिरते, तिथे त्याचा जोर मोडतो, मातीचे कण मागेच राहतात आणि पाणी तेवढे पायथ्याच्या चरातून बाहेर पडते. असे पाणी निवळशंख असेल, वर्षानुवर्षे साठ्याच्या त्याच पातळीला साधारण तेवढेच असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. उलट, दरवर्षी येणारा पाझर एखाद्या वर्षी एकाएकी आटला तरी जाणता माणूस अस्वस्थ होतो, कारण पाणी थांबलेले नसते, त्याने दुसरी वाट धरलेली असते.

पाणी गढूळ झाले की मात्र गोष्ट बदलते. गढूळपणा म्हणजे माती, आणि ती माती बाहेरून आलेली नसते. ती धरणाच्या पोटातली असते. एकेक कण निघून जातो तशी आत एक नळी तयार होऊ लागते, आणि या नळीची खोड अशी की ती खालच्या बाजूने सुरू होऊन वरच्या बाजूला, पाण्याच्या दिशेने वाढत जाते. ती जितकी लांब होते तितके उरलेले अंतर कमी, अंतर कमी तितका प्रवाहाचा जोर जास्त, आणि जोर जास्त तितकी माती जलद वाहते. वर्षे घेणारे काम शेवटच्या टप्प्यात काही तासांवर येते. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातील टेटन हे धरण मुळीच लहान नव्हते, ते पहिल्यांदाच भरत होते. 5 जून 1976 च्या सकाळी तिथे गढूळ गळती दिसली आणि दुपारचे बारा वाजण्यापूर्वी धरण फुटले. ते फुटतानाचे चित्रीकरण उपलब्ध आहे. भोक बुजवायला गेलेले बुलडोझर त्याच भोकात ओढले जातानाचे दृश्य पाहिले की गढूळ पाणी दिसल्यानंतर किती थोडा अवकाश उरतो ते कळते. बाटलीच्या तळाशी काय बसते ते पाहायचे ते एवढ्यासाठी.

आणि नळी तयार होण्याची सर्वांत आवडती जागा म्हणजे विमोचक. भरावाच्या पोटातून, जमिनीलगत, पाणी सोडण्यासाठी जी सिमेंटची किंवा दगडी मोरी जाते, तिच्या भिंतीला माती घट्ट चिकटून बसणे फार अवघड असते. मोठा रोलर मोरीला टेकून फिरवता येत नाही, तिथे दबाई हाताने करावी लागते, आणि हाताने करायची कामे दिवस मावळताना कशी होतात हे बांधकामावर राहिलेल्या कोणालाही विचारावे. मग पाणी गाभ्याच्या वाटेला जात नाही. सिमेंट आणि माती यांच्या मधल्या फटीतून निघून जाते. 12 जुलै 1961 ला पुणे बुडवणाऱ्या पानशेतची कथाही विमोचकाशीच येऊन थांबते. काम पुरे झालेले नसताना पावसाने धरण भरू लागले, अपुऱ्या विमोचकातून प्रचंड जोराने पाणी जात राहिले, त्याच्या वरचा भराव खचत गेला आणि माथा पाण्याच्या पातळीकडे खाली येऊ लागला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. सकाळी धरण फुटले, त्याच्या लोंढ्याने खालचे खडकवासल्याचे दगडी धरणही फोडले. पुण्यात आजही जुनी माणसे वर्षांची गणना पानशेतच्या आधी आणि नंतर अशी करतात. त्या मानाने त्या मोरीची आठवण कोणाला नाही.

पोटातून मरणे हा एक प्रकार. दुसरा म्हणजे डोक्यावरून पाणी जाणे. जगभरच्या मातीच्या धरणांच्या अपघातांची वर्गवारी केली तर साधारण निम्मे या प्रकारात आणि निम्मे त्या प्रकारात पडतात. दगडी धरणावरून पाणी गेले तर ते काही काळ सहन करते, मातीचे करत नाही. म्हणून मातीच्या धरणाचा खरा रक्षक भराव नसून सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जाण्याची राखलेली वाट, असतो. येवा, म्हणजे वरून येणारे पाणी, कितीही आला तरी पाणी माथ्याला टेकू नये, मध्ये काही फुटांचे कोरडे अंतर राहावे, ही जबाबदारी सांडव्याची. गुजरातेतील मच्छू-2 धरणावर 11 ऑगस्ट 1979 ला जो पूर आला तो सांडवा ज्या पुरासाठी आखला होता त्याच्या जवळजवळ तिप्पट होता. दोन्ही अंगांचे मातीचे भराव वाहून गेले आणि मोरबी शहर उद्ध्वस्त झाले. तिथे चूक आकडेमोडीची होती, पावसाच्या जुन्या नोंदींवर विसंबून केलेल्या अंदाजाची होती. आपल्या गावोगावच्या तलावांवर मात्र सांडव्याची हत्या याहून कितीतरी घरगुती रीतीने होते. सांडव्यावर मासे वाहून जाऊ नयेत म्हणून मच्छीमारीचा ठेकेदार जाळी ठोकतो, पहिल्या पुराबरोबर आलेला पालापाचोळा आणि काटक्या त्या जाळीला अडकतात, आणि जाळीची भिंत होते. आणखी थोडे पाणी साठावे म्हणून कोणी सांडव्याच्या उंबऱ्यावर वाळूची पोती रचतो. सांडव्याचे पाणी पुढे नेणाऱ्या पुच्छ कालव्यात कोणी वांगी लावतो, कोणी कडबा रचतो. यांतला एकही माणूस दुष्ट नाही. प्रत्येकाला आपल्यापुरते थोडे पाणी, थोडी जागा हवी असते, आणि मोठा पाऊस यंदाच येईल असे कोणालाच वाटत नसते.

येथे पुराचा विषय येतो. आपल्याकडची बहुतेक छोटी धरणे सिंचनासाठी, पिण्याच्या पाण्यासाठी किंवा विहिरींना पाझर मिळावा म्हणून बांधलेली आहेत, आणि तरीही खालच्या गावांनी मनातल्या मनात त्यांना पूर अडवणारी धरणे मानलेले असते. तलाव झाल्यापासून ओढा तेवढा फुगत नाही, हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे. ते काही अंशी खरेही असते, पण फक्त तलाव भरेपर्यंत. पूर अडवायचा असेल तर धरण रिकामे ठेवावे लागते, आणि सिंचन करायचे असेल तर भरलेले. एकाच भांड्याने ही दोन्ही कामे करायची म्हटली की भर ऑगस्टमध्ये, पाणी सोडावे की राखावे, असा प्रश्न पडतो, आणि दुष्काळाची आठवण ताजी असलेल्या मुलखात त्याचे उत्तर बहुधा राखावे असेच येते.

केवळ पुरासाठी बांधलेली छोटी मातीची धरणे पाहायची तर अमेरिकेत जावे लागते. ओक्लाहोमा राज्यात कॉर्डेल या गावाजवळ क्लाउड क्रीक नावाच्या ओढ्यावर 1948 मध्ये असे पहिले धरण बांधले गेले. 1944 आणि 1954 च्या कायद्यांखाली पुढे शेतजमिनीच्या ओढ्यानाल्यांवर अशी अकरा हजारांहून अधिक धरणे उभी राहिली. त्यांची रचना साधी आणि मला फार शहाणपणाची वाटणारी आहे. तळाशी थोडे कायमचे पाणी, त्याच्या वर पुरासाठी राखलेली मोठी रिकामी जागा. पाण्यात एक उभा सिमेंटचा मनोरा, त्याच्या तोंडातून पाणी आत पडते आणि भरावाखालच्या नळातून ठरावीक वेगानेच बाहेर जाते. दार नाही, चाक नाही, रात्री उठून उघडायला माणूस लागत नाही. तासाभरात आलेला पूर ते धरण काही दिवसांत सावकाश सोडून देते. त्याहून मोठा पूर आला तर बाजूच्या हिरवळ लावलेल्या रुंद सांडव्यावरून जावा. आयुष्य बहुधा पन्नास वर्षांचे धरलेले.

पन्नास वर्षे केव्हाच उलटून गेली. ज्या शेतांना वाचवण्यासाठी ही धरणे बांधली, त्यांतल्या अनेक ठिकाणी शेते गेली आणि घरे आली. भराव तोच, सांडवा तोच, पण खाली शेत होते तेव्हा त्या धरणाचा धोका कमी गणला जात होता आणि घरे आल्यावर तेच धरण अतिधोक्याच्या वर्गात गेले. यातली गंमत, गंमत म्हणणे बरे नव्हे, अशी की घरे तिथे आली तीच धरणामुळे. पुराचे पाणी येईनासे झाले म्हणून ओढ्याकाठची जमीन राहण्याजोगी वाटू लागली. धरणाने आपले काम जितके चोख केले तितकी त्याच्या फुटण्याची किंमत वाढत गेली. आपल्याकडे मोठ्या नद्यांना निळी आणि लाल पूररेषा आखण्याची पद्धत आहे. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पण धरण फुटल्यावर येणारा पूर या दोन्ही रेषांना जुमानत नाही, आणि गावाच्या ओढ्यापर्यंत या रेषांची चर्चा क्वचितच पोचते. वाडी कोठे वसवावी आणि वरचे धरण फुटले तर पाणी कोठवर येईल, हे दोन प्रश्न एकाच टेबलावर क्वचितच येतात.

लहान या शब्दाने आपण फार फसतो. 6 नोव्हेंबर 1977 ला, मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास, जॉर्जिया राज्यातील टोकोआ फॉल्स येथे केली बार्न्स नावाचे चाळीस फुटांच्या आसपास उंचीचे मातीचे धरण फुटले आणि खालच्या महाविद्यालयाच्या वसाहतीतील 39 माणसे झोपेत गेली. भरावावर झाडी माजलेली होती. कार्टर तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष होते, ते स्वतः जॉर्जियाचे. त्यांनी देशभरातल्या खासगी आणि स्थानिक मालकीच्या धोकादायक धरणांची तपासणी सुरू करायला लावली. चाळीस फुटांच्या त्या भिंतीमुळे एका देशाला आपली धरणे तपासावीशी वाटली.

भारतात धरण सुरक्षा कायदा 2021 मध्ये झाला. उशिरा झाला, पण झाला, आणि त्यात चांगल्या तरतुदी आहेत: धरणाच्या मालकाने पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करायची, देखभालीसाठी पैसे राखून ठेवायचे, आणीबाणीचा आराखडा तयार करायचा. कायदा पायाच्या सर्वांत खोल भागापासून 15 मीटरांहून अधिक उंचीच्या सगळ्या धरणांना लागू होतो. 10 ते 15 मीटर उंचीच्या धरणांना काही अटींवर, उदाहरणार्थ भराव निदान 500 मीटर लांब असेल किंवा साठा निदान दहा लाख घनमीटर असेल तर. राष्ट्रीय नोंदवहीत मोठी म्हणून गणलेली सर्वाधिक धरणे, दोन हजारांहून जास्त, एकट्या महाराष्ट्रात आहेत. आणि 10 मीटरांच्या खालचे तलाव या कायद्याच्या बाहेर. म्हणजे 1972 च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीतून, माणसांच्या हाताला काम मिळावे म्हणून, टोपल्या-घमेल्यांनी माती वाहून बांधलेले असंख्य पाझर तलाव बाहेर. ते आता पन्नाशीला आले आहेत. कोणत्या मातीचे, कशी दबाई करून, पाया किती खोल घेऊन बांधले, याचे कागद मिळाले तर नशीब. उंची ही मोजायला सोपी गोष्ट आहे, म्हणून कायदा उंचीने लावला गेला, हे मी समजू शकतो. तरीही खाली किती माणसे झोपतात हे त्याहून अवघड मोजमाप आहे असे मला वाटत नाही; मतदार यादी प्रत्येक वाडीची तयार असते.

मालकीचा गुंताही आहे. शंभर हेक्टरांपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेकडे, त्याहून मोठे जलसंधारण विभागाकडे, आणखी मोठे जलसंपदा विभागाकडे, आणि मधल्या काळात कोणाकडून कोणाकडे हस्तांतर व्हायचे राहून गेलेले काही. नवा तलाव बांधायला निधी मिळतो, त्याचे भूमिपूजन होते, जलपूजन होते. भरावावरची बाभळ तोडायला आणि उंदरांची बिळे चिकण मातीने ठोकून बुजवायला मिळणारा पैसा इतका किरकोळ असतो की त्यासाठी कोणी पाठपुरावा करत नाही. बाभूळ तोडणेही वाटते तेवढे सरळ नाही. लहान असताना उपटली तर प्रश्न मिटतो. मोठी झाल्यावर नुसती कापली तर मुळे आत कुजतात आणि पाण्याला तयार नळ्या मिळतात, मग मुळांसकट खणून ती जागा थराथराने दाबून भरावी लागते. पाच वर्षांपूर्वी एका मजुराचे एका दिवसाचे जे काम होते ते आता अंदाजपत्रक, मंजुरी आणि निविदा यांचे काम होऊन बसते. काका असते तर म्हणाले असते की झाड दिसले की हात लावा, अंदाजपत्रक नको. त्यांच्या काळी प्रत्येक तलावावर चौकीदार असे, आणि तो चौकीदार बहुधा खालच्याच गावचा असे. आता एका माणसाकडे अनेक तलाव असतात, आणि माणूस निवृत्त झाला की जागा रिकामी राहते. तपासणीचा तक्ता मात्र भरला जातो. भराव: सुस्थितीत. सांडवा: सुस्थितीत. गळती: नाही.

वेळीच पाहिले तर काय होते, याचे उदाहरण शेजारच्या मध्य प्रदेशात आहे. ऑगस्ट 2022 मध्ये धार जिल्ह्यात कारम नदीवरील बांधकाम चालू असलेल्या मातीच्या धरणातून गळती सुरू झाली. बांधकामाच्या दर्जावर नंतर पुष्कळ आरोप झाले आणि त्यात आश्चर्य नाही. पण गळती दिसल्यावर खालची 18 गावे रिकामी केली गेली, महामार्गावरील वाहतूक थांबवली गेली, लष्कराची मदत मागवली गेली, आणि यंत्रे लावून भरावाच्या बाजूने कालवा खोदून साठा बाहेर काढला गेला. शेवटी वाट फोडून पाणी धावले, शेतांचे मोठे नुकसान झाले, पण मनुष्यहानी झाली नाही. तिवरे आणि कारम यांच्यामधला फरक मातीचा किंवा पावसाचा नव्हता. गळती सुरू झाली हे वाक्य ऐकून किती माणसे तातडीने जागची हलली, हा होता.

आमच्या गावाच्या वर असाच एक पाझर तलाव आहे. खाली एक वस्ती, अंगणवाडी, आणि अलीकडे झालेले एक मंगल कार्यालय, कारण ओढ्याकाठची जमीन सपाट आणि स्वस्त. गेल्या उन्हाळ्यात मी काकांसारखाच पायथ्याच्या कडेने चाललो. बिळे आहेत. भरावाच्या कोरड्या उतारावर मनगटाएवढ्या बाभळी आहेत. पायथ्याशी एका ठिकाणी लव्हाळा आहे, तिथले पाणी बाटलीत धरून पाहिले तेव्हा ते निवळ होते. सांडव्याच्या तोंडाशी मासेमारीची जाळी रोवायला ठोकलेले लोखंडी गज आहेत. हे सगळे लिहून, फोटो जोडून, संबंधित कार्यालयात अर्ज दिला. तिथल्या साहेबांनी सौजन्याने ऐकून घेतले, हा तलाव आमच्या यादीत दिसत नाही म्हणाले आणि दुसऱ्या कार्यालयाचे नाव सांगितले. तिथे यादी सापडली, तलावही सापडला, पण हस्तांतराचे कागद अपुरे आहेत असे कळले. ग्रामसभेत विषय घेतला तेव्हा सरपंचांनी विचारले की तलाव दुरुस्तीला गेला तर यंदा पाणी सोडावे लागेल का. त्या प्रश्नावर सभेत पुष्कळ चर्चा झाली. विहिरींची पातळी, उसाचे पाणी, गेल्या वर्षीचा टँकर. शेवटी एवढे ठरले की लोखंडी गज पावसाळ्यापूर्वी ठेकेदाराने स्वखर्चाने काढायचे, बाभळी ग्रामपंचायतीने श्रमदानातून उपटायच्या आणि बिळांचे काय करायचे ते अभियंत्यांना विचारायचे. गज निघाले आहेत. बाभळींपैकी लहान तेवढ्या निघाल्या. अभियंत्यांच्या भेटीची तारीख ठरलेली नाही, म्हणून तूर्त पायथ्याचे पाणी आठवड्यातून एकदा बाटलीत धरून पाहायचे काम वस्तीतल्या दोघा मुलांकडे दिले आहे, आणि पाणी गढूळ दिसले तर कोणाला फोन करायचा ते अंगणवाडीच्या भिंतीवर लिहून ठेवले आहे. तिथे तूर्त तलाठी, सरपंच आणि तहसील कार्यालय यांचे क्रमांक आहेत. धरणाच्या मालकाच्या क्रमांकाची ओळ रिकामी सोडली आहे, मालक ठरला की भरू.